कॅन्टीनच्या पाटीपर्यंतचं अनंत

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक पान असं होतं की त्यावर फोटो नव्हता, नुसते चार कोपरे होते. काळ्या जाड कागदावर फोटो अडकवायला ते चिकटवायचे चंदेरी त्रिकोण मिळायचे ना, ते. महाबळेश्वरहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, फोटो धुऊन यायच्या आधीच, बायकोनं पोस्टकार्डाएवढी जागा सोडून ते चिकटवले होते. नवीन लग्न झालेल्या बाईचा नवऱ्यावर किती विश्वास असतो, हे पाहायचं असेल तर त्या पानाकडे बघावं.

महाबळेश्वरला मी मित्राचा कॅमेरा मागून नेला होता. तीन दिवस मी तिला प्रत्येक कड्यावर उभी केली. हनुवटी वर, पदर सारखा, जरा हस, इतकं नको. एकूण छत्तीस फोटो काढले. परत आल्यावर चिंचवड गावातल्या स्टुडिओवाल्या काकांनी रोल उजेडासमोर धरला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "साहेब, रोल दांडीला अडकलाच नव्हता. जागच्या जागी बसून होता. तुम्ही छत्तीस वेळा खटका दाबलात, एवढंच झालं."

मी घरी येऊन हे सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं कोपरेही काढले नाहीत. "राहू देत," म्हणाली. मग पुढची पाच वर्षं निगडीच्या आमच्या दोन खोल्यांत जो कोणी पाहुणा यायचा, त्याच्या हातात चहाआधी अल्बम यायचा, त्या पानाशी तो थांबायचा आणि विचारायचा, "इथला फोटो पडला वाटतं?"

"पडला नाही. अजून यायचाय," ती म्हणायची, आणि माझ्याकडे बघायची.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा मिळाली, कंपनीनं प्रवासभत्ता दिला आणि आमचं नैनिताल ठरलं. तिनं तेव्हा एकच अट घातली. "मला तिथली शाल नको, तिथल्या मेणबत्त्या नकोत. मागे बर्फाचा डोंगर आणि पुढे मी. एक फोटो. त्या पानावर."

आता माझ्याकडे स्वतःचा कॅमेरा होता. आमच्याच ड्रॉइंग ऑफिसातले एक गृहस्थ निवृत्त झाले, त्यांचा वापरलेला रशियन कॅमेरा मी घेतला होता. वजन असं की गळ्यात घातला की माणूस आपोआप नम्र होतो. पण फोटो स्वच्छ यायचे. एखाद्या शहाण्या माणसानं दोन रोल घेतले असते, बॅग भरली असती आणि गाडीची वाट बघितली असती. मला मात्र नेमकं त्याच महिन्यात, दाताच्या डॉक्टरकडे बसलो असताना, एका फाटक्या इंग्रजी मासिकात झूम लेन्सबद्दल वाचायला मिळालं. एकाच लेन्समध्ये जवळचंही आणि लांबचंही. नळी पुढेमागे केली की डोंगर लांब, डोंगर जवळ. दाढ काढून घरी आलो ते गाल सुजलेला आणि डोक्यात झूम.

मी बायकोला समजावून सांगितलं. "आपल्या साध्या लेन्समध्ये तो डोंगर एवढा येईल," म्हणून मोहरीचा दाणा दाखवला. "झूममध्ये एवढा." मूठ दाखवली.

"आणि मी?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. "तू... तूही असशील की."

"मग आधी मी नीट येतेय का ते बघा," ती म्हणाली आणि मोहरीचा दाणा डब्यात परत टाकला.

पण मी ऐकायच्या पलीकडे गेलो होतो. पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात नवी जपानी झूम होती. किंमत विचारली. दुकानदारानं आकडा सांगितला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, मी काही बोलायच्या आत, लेन्स पुन्हा कपाटात ठेवली. दुबईला असलेल्या कुणाच्या तरी मावसभावाकडून मागवायचं ठरवलं, तर तो मे महिन्यात येणार होता आणि आमची गाडी नोव्हेंबरात होती. दर रविवारी मी कुठेतरी लेन्स बघून यायचो आणि दर रविवारी संध्याकाळी चिडून जेवायला बसायचो. परवडणारी असायची ती चांगली नसायची, चांगली असायची ती परवडायची नाही, आणि दोन्ही असायची तिला बुरशी लागलेली असायची. शेवटी पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानाचा पत्ता लागला. घड्याळं, सेंट, टेपरेकॉर्डर असा बाहेरचा माल तिथे मिळायचा. तिथे एक वापरलेली झूम आली होती. पंचावन्न ते एकशे पस्तीस. जपानी, पण नाव असं की जपानमध्येही कुणी ऐकलं नसावं. काच स्वच्छ होती, आणि आपली जुनी लेन्स देऊन वर थोडे घातले की ती मिळत होती.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळेच झाला. चिंचवडच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. आमच्याकडे आटे पाडलेले बारीक भाग बनायचे, आणि त्यांचा व्यास नि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मापून ते पास किंवा नापास करायचे हे माझं काम. खिशात कायम व्हर्नियर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, व्हर्नियर म्हणजे मिलिमीटरच्याही बारीक वाटण्या मोजणारी पोलादी पट्टी. लोक खिशात कंगवा ठेवतात तशी मी ती ठेवायचो. त्याच आठवड्यात मी लेथवरच्या एका टर्नरचा ट्रेभर माल परत पाठवला होता. तो लातूरकडचा, हाताचा कसबी माणूस. तो कळवळून म्हणाला होता, "साहेब, व्यास बघा की, एकदम बरोबर हाय." आणि मी सगळ्या खात्यासमोर म्हणालो होतो, "व्यासानं काय होतं? आटे बघ, आटे. पिच चुकलंय तुझं." हे वाक्य लक्षात ठेवा. त्यानंही ठेवलं होतं.

कॅम्पात मी पहिल्या शिफ्टनंतर परस्परच जाणार होतो. पण कंपनीत कॅमेरा न्यायला सक्त बंदी. म्हणून कॅमेरा घरी ठेवला आणि नुसती जुनी लेन्स काढून जेवणाच्या डब्याच्या खालच्या पुडात घातली. गेटवरचे रखवालदार मावळातले, वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. सुटताना त्यांनी डब्याला हात लावला. "जड लागतोय, साहेब. काय हाय?"

"लोणचं. राहिलंय जरा."

"व्हय का," ते म्हणाले. बस एवढंच.

दुकानदार सिंधी, मराठीत हिंदी मिसळून बोलणारा आणि सरळ माणूस, हे मला आजही मान्य करावं लागतं. तो म्हणाला, "साहेब, कॅमेरा घेऊन या ना. लावून बघा, मग घ्या. लेन्स कुठे पळून जाते?"

मी हसलो. ज्या हसण्याची मला पुढे लाज वाटली त्यांच्या यादीत ते हसणं बरंच वर आहे. त्या कॅमेऱ्याला लेन्स बसायची ती बरणीच्या झाकणासारखी, आट्यांनी फिरवून. मी खिशातून व्हर्नियर काढला. जुन्या लेन्सचा आट्यांवरचा व्यास घेतला. बेचाळीसला किंचित कमी. नव्या लेन्सचा घेतला. बेचाळीसला किंचित कमी. दुकानात दोन गिऱ्हाइकं बघत होती, म्हणून पुन्हा एकदा घेतला.

"सेठ, हे माझं रोजचं काम आहे. मी इन्स्पेक्शनला असतो."

"मग ठीक आहे," सेठ म्हणाला. "आपण काय बोलणार?" आणि माझी जुनी लेन्स त्यानं कपाटात ठेवली.

घरी आल्यावर बायकोला समोर बसवून मी झूम कॅमेऱ्याला लावली. एक वेढा फिरली, आणखी अर्धा फिरली आणि अडकली. पुढे जाईना. जोर लावला तर करकर आवाज आला. काढली, तेल लावलं, पुन्हा फिरवली. एक वेढा, अर्धा वेढा, कर्र. बायको भाजी निवडता निवडता बघत होती.

"उलटी फिरवताय का?"

"उलटी कशी फिरवीन? आटे आहेत ते."

"मग अडतंय काय?"

काय अडतंय ते मला कळलं होतं. हाताला कळलं होतं, मनाला मान्य नव्हतं. मी पिच मोजायची गेजची पानं काढली आणि लावली. कॅमेऱ्याचे आटे एक मिलिमीटरच्या अंतरानं होते, लेन्सचे पाऊणच्या. व्यास तोच, आटे वेगळे. मी, ज्यानं त्याच आठवड्यात एका माणसाला ट्रेभर मालासकट परत पाठवलं होतं, त्यानं आटे सोडून व्यास बघितला होता.

दुसऱ्या दिवशी कॅम्पात धावलो. सेठ हळहळला. जुनी लेन्स सकाळीच विकली गेली होती. पैसे परत द्यायला तो तयार होता, पण पैसे घेऊन मी काय करणार? गाडीला बारा दिवस होते आणि माझ्याकडे लेन्स नसलेला कॅमेरा होता. म्हणजे मधोमध भोक असलेला एक रशियन डबा.

उपाय एकच होता. एक पितळी कडं बनवायचं, आतून पाऊणचे आटे, बाहेरून एकचे. लेन्स कड्यात, कडं कॅमेऱ्यात. आणि हे काम करू शकणारा एकच माणूस मला माहीत होता.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी मी त्या टर्नरच्या लेथपाशी जाऊन उभा राहिलो. त्यानं लेन्स हातात घेतली, फिरवून बघितली, आणि सगळं ऐकून झाल्यावर शांतपणे विचारलं, "व्यास बघितलाव का?"

"बघितला."

"बरोबर हाय?"

"बरोबर आहे."

"व्यासानं काय होतंय, साहेब?" तो आवाज चढवून म्हणाला. शेजारची तीन मशिनं थांबली. "आटे बघावं, आटे! पिच चुकलंय तुमचं!"

हशा ओसरेपर्यंत मी लेथवरच्या पितळेच्या तुकड्याकडे बघत उभा राहिलो. त्यानंतर तो म्हणाला, "आणा उद्या कॅमेरा. जाडी किती ठेवायची ते बघून ठरवावं लागतंय. वहिनींचं नाव काढलाव म्हणून करतो. तुमच्यासाठी न्हाई."

म्हणजे कॅमेराच आत न्यायचा. दुसऱ्या सकाळी मी तो रुमालात गुंडाळून पिशवीत, डब्याखाली ठेवला.

"आज काय हाय, साहेब?" रखवालदारांनी विचारलं.

"मोरावळा."

त्यांनी पिशवी हातात तोलून बघितली. "तुमच्या घरी निसतं लोनचं-मोरावळाच खात्यात व्हय हो? बाई भाकरी देत न्हाई?" आणि पिशवी परत दिली.

आता कड्याची जाडी. लेन्स फिल्मपासून किती लांब असावी याला नेमकं माप असतं, आणि ते मला माहीत नव्हतं. पण युक्ती सुचली. लेन्सच्या कडेला अंतराचे आकडे कोरलेले असतात, सर्वांत शेवटी एक आडवा पडलेला आठ. तो आडवा आठ म्हणजे अनंत. लांबच्या लांब, डोंगर, चंद्र, तारे, सगळं. मी लेन्सची चकती आडव्या आठावर ठेवली, टूलरूमच्या खिडकीत कॅमेरा टेकवला, लेन्स हातानं समोर धरली, मध्ये पत्र्याच्या चकत्या घालत-काढत बघत राहिलो. खिडकीतून सर्वांत लांबची गोष्ट दिसत होती ती कॅन्टीनची पाटी. 'शांतता राखा. ताट स्वतः उचला.' असेल चाळीसेक मीटरवर. 'ताट' या शब्दाचा काना स्वच्छ दिसला तेव्हा मी चकत्यांची जाडी मोजली. दहा मिलिमीटर. अगदी गोल आकडा. मला तो शुभ वाटला.

टर्नरनंही डोळा लावला. "ताट दिसायलंय. पण त्याच्या पलीकडं काय दिसतंय का बघा की."

"पलीकडे काय आहे? कंपाउंडची भिंत."

"तसं नव्हं. डोंगर काय कंपाउंडच्या आत असतोय का? साडेनऊ करावं का?"

"दहा कर. मी इन्स्पेक्शनला आहे की तू?"

त्यानं खांदे उडवले आणि जाडी दहा केली. काय कडं केलं होतं! आटे असे की लेन्स लोण्यात फिरावी तशी फिरली. मी व्हर्नियर लावला. दहा म्हणजे दहा. आयुष्यात त्याचा इतका बिनचूक माल मी कधी पास केला नव्हता, आणि माप मी दिलेलं होतं. हे सगळं होईपर्यंत निघायला एकच दिवस उरला. घरी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, स्वच्छ. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापड्या मोजल्या, एकोणतीस. बायको म्हणाली, "एकदा तो लांबचा घोराडेश्वराचा डोंगर तरी बघून घ्या." मी म्हणालो, अंधार पडला, आणि पापड्या मोजता येतात तिथे डोंगराचं काय?

नैनितालला पहिले दोन दिवस ढग. हिमालय आहे असं सगळे सांगत होते, दिसत काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्यानं दार ठोठावलं, "साहब, खुल गया!" आम्ही धावतपळत घोड्यांवर बसून वर गेलो. बायकोनं वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा लांब कोट मागून आणला होता. तो साडीवर घालून ती कठड्याला टेकून उभी राहिली. मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ, इतकं लखलखीत की डोळे मिटावेत. पाच वर्षं ते पान ज्याची वाट बघत होतं ते सगळं माझ्यासमोर, एका चौकटीत, आयतं उभं होतं.

मी नळी ओढली, डोंगर मुठीएवढा केला आणि डोळा लावला.

बायकोची पापणीन् पापणी दिसत होती. तिच्या मागे भिंतीला चुन्याचं बोट पुसावं तसा एक पांढरा फराटा होता.

मी चकती फिरवली. बायको अंधूक झाली, फराटा थोडा आवरला आणि चकती थांबली. आडवा आठ. त्याच्या पुढे ती जात नाही, जायची सोयच नसते. मी तरी जोर लावला.

"काढा ना, ऊन डोळ्यांत येतंय."

"हसू नकोस अजून."

"हसत नाहीये. थंडीनं दात वाजतायत."

"तू जरा लांब जा बरं."

"किती?"

"चाळीस मीटर."

"दरीत जाऊ?" तिनं विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं अनंत कॅन्टीनच्या पाटीपाशी संपत होतं. जगातल्या चाळीस मीटरपर्यंतच्या सगळ्या गोष्टी मी स्वच्छ टिपू शकत होतो. पापड्या, ताटं, कॅलेंडरं. अर्ध्या मिलिमीटरनं पितळ जास्त होतं आणि त्या अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे अख्खा हिमालय राहिला होता. टर्नर म्हणाला होता साडेनऊ. मी काय म्हणालो होतो ते सांगत नाही, तुमच्या लक्षात असेल. आणि जुनी, सरळ, बिचारी लेन्स, जिच्यात डोंगर मोहरीएवढा का होईना पण डोंगर म्हणून आला असता, ती मी स्वतःच्या हातानं देऊन आलो होतो.

चकती परत तिच्यावर आणून मी बारा फोटो काढले. न काढून सांगणार काय? उतरताना घोड्यावरून तिला म्हणालो, "डोंगर जरा मऊ येईल."

"मऊ म्हणजे?"

"म्हणजे असेल. पण ओळखू येणार नाही."

तिचा घोडा बराच पुढे गेल्यावर ती मागे वळून म्हणाली, "मग मी कशासमोर उभी होते म्हणून सांगू?"

दुपारी मी बाजारात पितळ घासायची कानस शोधायला गेलो. 'फाइल चाहिए' म्हणालो तर दुकानदारानं मला कागद ठेवायची फाइल दिली, तीही दोऱ्याची. शेवटी हॉटेलच्या मागच्या दगडी पायरीवर बसून कडं घासायला घेतलं. तासाभरानं एका बाजूनं पाव मिलिमीटर उतरलं आणि दुसऱ्या बाजूनं काहीच नाही. बायको दारात येऊन उभी राहिली. "उठा. लोकांना वाटतंय तुम्ही इथे भांडी घासायला राहिलायत." उरलेले दोन दिवस पुन्हा ढग होते, त्यामुळे तिरक्या कड्याची परीक्षा झाली नाही, एवढं नशीब.

परत आल्यावर रोल घेऊन चिंचवड गावात त्याच काकांकडे गेलो. दुसरीकडे जायला हवं होतं, पण बाकीचे महाग होते. आठवड्यानं त्यांनी फोटो समोर ठेवले.

"बाईंचा फोटो काय सुंदर आलाय! कोटाची शिवण मोजून घ्या." मग फोटो लांब धरला. "मागे काय, धोतर वाळत घातलंय?"

"हिमालय आहे."

चष्म्यावरची ती नजर मला ओळखीची होती. "तुम्हीच ना ते, रोल न सरकलेले?" मी कड्याची हकिगत सांगितली. त्यांनी लेन्स हातात घेतली, पुढची एक चकती टिचकीनं फिरवली. आतलं भोक बारीक झालं. "भोक केवढं ठेवलं होतंत?"

"मोठं. उजेड भरपूर यावा म्हणून."

"सोळाच्या आकड्यावर ठेवायचं होतं, साहेब. नळी मागे घेऊन, सोळावर. भोक बारीक केलं की जवळचं-लांबचं दोन्ही सावरून घेतं. डोंगर लहान आला असता, पण आला असता. ऊन तर होतंच की."

म्हणजे उपाय लेन्सवरच कोरलेला होता. मी तो दगडी पायरीवर शोधत बसलो होतो. घरी येऊन मी बायकोला हेही सांगून टाकलं. का सांगितलं, देव जाणे. तिनं बारा फोटो एकेक करून बघितले, पाकिटात घातले, पाकीट ट्रंकेत ठेवलं. कोपरे रिकामेच राहिले.

पुढच्या आठवड्यात माझी दुसरी शिफ्ट होती. घरी आलो तर टेबलावर एक फोटो. बायको, तीच साडी, तोच वहिनींचा कोट, चेहरा हसरा, आणि मागे बर्फाचा डोंगर! शिखरन् शिखर स्वच्छ. खाली तळं, तळ्यात दोन हंस.

"हे कुठलं?"

"चिंचवड गावातलं. काकांकडे डोंगर रंगवलेला पडदा आहे. त्यांनी पैसे घ्यायला नको म्हटलं, मी दिले."

"अगं, पण हा नैनितालचा नाही!"

"तुमचा तरी कुठे नैनितालचा आहे?" ती म्हणाली.

मी अल्बम काढून फोटो त्या पानावर ठेवला.

फोटो कोपऱ्यांपेक्षा किंचित मोठा होता. मी सवयीनं खिशातला व्हर्नियर काढला. म्हटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून बरोबर होऊ दे. कोपऱ्यांतलं अंतर घेतलं, शतांशापर्यंत. कागदावर लिहिलं. कात्री उचलली. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली, फोटो एकदा पानावर धरून बघितला आणि नुसत्या नजरेनं, सरळ, दोन बाजू कापल्या. मग एकेक कोपरा त्रिकोणात सरकवला. चारही बसले. ना सैल, ना ताठ. पाच वर्षांनी ते पान भरलं, आणि त्यात माझ्या हातचं काही नव्हतं. मी लिहिलेल्या मापाच्या कागदात दुसऱ्या दिवशी तिनं वेलदोडे बांधले.

त्यानंतर पाहुणे त्या पानाशी थांबायचे ते वेगळ्या कारणानं. "अगंबाई, डोंगर काय स्पष्ट आलाय!" कोटवाल्या वहिनी म्हणाल्या.

"ह्यांनी नवीन लेन्स घेतली ना," बायको म्हणायची, आणि माझ्याकडे बघायची. नजर तीच, पाच वर्षांची. फक्त आता मला मान डोलवावी लागायची.

स्टुडिओतून दोन प्रती आल्या होत्या. दुसरी मी डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेली, टर्नरला दाखवायला. त्यानं साडेनऊचं विचारलं तर काय सांगायचं हे रस्ताभर जुळवत होतो. गेटवर रखवालदारांनी हात आडवा केला.

"साहेब, फोटू आला म्हनं डोंगराचा. दावा की आमाला बी."

मी चमकलो. "तुम्हाला कसं माहीत?"

"त्या मोरावळ्याला पट्टा होता, साहेब. गळ्यात घालायचा. पिशवीभाईर लोंबत हुता. आनि आत कशापाई चाललाय, ते सगळी कंपनी बोलत हुती." त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला, उन्हाकडे केला आणि बराच वेळ निरखला. मला वाटलं, चला, निदान एक माणूस तरी हिमालय बघतोय.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "आमच्या धाकलीचा साखरपुड्याचा फोटू ह्याच पडद्याम्होरं काढलाय. हंस वळिकले म्या."